सरासरी कोणी पाडली

आमच्या सूनबाईला गणित तडीस न्यायची सवयच नाही. परीक्षेचं पुस्तक उघडते, चार ओळी वाचते, "पुरेसं आहे" म्हणते आणि पान उलटते. उत्तर काढतच नाही. मी दुसरीत शाळा सोडली, पण अर्धा सदरा टाकून कधी उठले नाही.

"आई, इथे उत्तर मागतच नाहीत," ती म्हणते. "दिलेल्या माहितीवरून ते निघेल का, एवढंच सांगायचं."

"म्हणजे चूल न पेटवता जेवण झालं म्हणायचं."

शनिवारी माझ्या शिवणखोलीत मी खडूने टेबलावर हिशोब मांडला. कामाला आठजणी होत्या तेव्हा दिवसाची सरासरी प्रत्येकी चोवीस कॉलरी. आज नवी आली आणि सरासरी बावीसवर आली. आठ चोवीस एकशेब्याण्णव, नऊ बावीस एकशेअठ्ठ्याण्णव. म्हणजे नवीने लावल्या फक्त सहा. एवढ्या तर मी झोपेत लावते.

"उद्यापासून येऊ नकोस," मी नवीला म्हटलं. ती बिचारी टेप बोटाला गुंडाळत उभी राहिली.

सूनबाई बटणं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जुन्या आठजणींनी आज चोवीसच लावल्या, हे कोणी सांगितलं?"

"रोजच लावतात."

"ते रोजचं. आजचं माहीत नाही. मग नवीचा आकडा निघत नाही, आई. माहिती अपुरी आहे."

प्रत्येकीच्या गठ्ठ्याला तिच्या रंगाचा दोरा असतो. मी मात्र एकगठ्ठा मोजून मोकळी होते. आज नवीचा हिरव्या दोऱ्याचा गठ्ठा वेगळा काढून मोजला. अठ्ठावीस कॉलरी. आठजणींना एकदम सुईत दोरा ओवायची आठवण झाली. नवी आली म्हणून बायांनी हात आखडले होते.

मी सूनबाईकडे बघतच राहिले. गठ्ठ्याला बोट न लावता, कुठला आकडा हातात नाही ते हिला बसल्या जागी दिसलं. मला चाळीस वर्षांत दिसलं नाही.

खोडी म्हणून विचारलं, "माल वीस टक्के वाढला, मग वीस टक्के घटला. आधी किती होता ते सांगणार नाही."

"नका सांगू. चार टक्के कमी झाला. आधीचा आकडा लागतच नाही."

 मघाशी दोन आकडे पुरले नाहीत, आणि आता मूळ आकडाच नको.

नवीला मशीनवर बसवलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "सूनबाई, आज माझा पाय एका पोरीच्या पोटावर पडत होता. तू परीक्षेत पास हो की नापास, यापुढे तुला विचारल्याशिवाय मी कोणाला काढणार नाही. पण शेफारू नकोस, कॉलर तुला अजून सरळ लावता येत नाही."