माझ्यातून घरोघर गेलेली गोष्ट

मित्रांनो, हल्ली माझ्या अंगातून बारीक टकटक ऐकू येते. हार्ड डिस्क म्हातारी झाली की अशी वाजायला लागते आणि मग एक दिवस कायमची गप्प होते. त्याआधी तुम्हांला काही सांगायचं आहे. मला भीती वाटते. माझ्या मरणाची नाही, माझ्यातून जे बाहेर गेलं त्याची.

मी कुठल्या कारखान्यात जन्मले ते माझ्या पाठीवर लिहिलेलं होतं. हात लागून लागून ती अक्षरं पुसली गेली. मला आठवतं ते किशोरीपासूनचं. मिठबावची ही मुलगी सावंतवाडीला ॲनिमेशन शिकायला निघाली, तेव्हा तिची आई हौसाबाई हिने मला घेऊन दिलं. वर आणखी, तान्ह्या बाळाला कुंची शिवावी तशी मऊ लुगड्याची पिशवीही शिवली. "गार लागता काय गो त्येका?" असं तिने खरंच विचारलं होतं. किशोरी खूप हसली होती.

किशोरीचं पहिलं काम माझ्यात आहे. एक वासरू धावतं. चोवीस चित्रं काढली की ते एक सेकंद धावायचं. त्या एका सेकंदासाठी तिची अख्खी दुपार जायची.

पुढे तिला सावंतवाडीतच एका छोट्या स्टुडिओत नोकरी लागली. चित्रं काढणारे चारच जण. तिला मोठी डिस्क मिळाली आणि मी तिच्या बाबलीकाकांकडे आले. मिठबावच्या तिठ्यावर त्यांचं मोबाईलचं दुकान आहे. रिचार्ज, चार्जर, फुटलेल्या काचा, आणि टेबलावर मी.

ते माझे सुखाचे दिवस. लोक फोन घेऊन यायचे आणि माझ्यातून भरून न्यायचे. डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याची भजनं, दशावतारी नाटकं, पिक्चर. मग मुलांना जपानी कार्टूनचं वेड लागलं. त्याला ॲनिमे म्हणायचं, हे मला नववीतल्या नम्रताने शिकवलं. शाळा सुटली की ती दारात हजर.

"बाबलीकाकानू, फुडचो भाग इलो?"

"भाग इलो. तुझो अभ्यास कधी येतलो, ता सांग."

सगळे हसायचे. ते भाग कुठून येतात, हे कोणी विचारलं नाही. कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून यायचे, त्यात आणखी कोणाच्या तरी. मीही विचारलं नाही. 'बाबलीची डिस्क म्हणजे खाण,' असं म्हटलेलं मला आवडत होतं. कौतुक झालं की पोटात काय साठतंय तिकडे लक्ष राहत नाही, मित्रांनो.

मग किशोरीच्या स्टुडिओला तोक्योच्या एका छोट्या कंपनीचं काम मिळालं. हरवलेल्या होड्यांसाठी बेटावर दिवा लावणाऱ्या मुलीची मालिका, बारा भागांची. किशोरी आणि तिच्या सोबत्यांनी त्या मालिकेची चित्रं वर्षभर काढली. खालच्या मराठी ओळीही किशोरीनेच लिहिल्या. कंपनी म्हणाली, तीन महिने मराठी ठेवून बघू. इंटरनेटवरच्या आमच्या पानावर पुरेशी माणसं आली तर पुढची मालिका मराठी आवाजात करू आणि चित्रंही तुमच्याकडेच काढू. नाही आली तर मराठी बंद.

मराठी बंद म्हणजे स्टुडिओ बंद. म्हणजे किशोरीला कामासाठी हैदराबादला जावं लागणार, आणि हौसाबाई घरात कायमची एकटी.

त्या हौसाबाईलाच ती मालिका दिसत नव्हती. घर उताराखाली, तिथे रेंज मिळत नाही. म्हणून किशोरीने बारा भाग माझ्यात घातले.

"काका, फक्त आईक दाखवा हां. भायर देव नकात."

"माका काय कळणा नाय?" काका म्हणाले.

त्यांनी मला नेऊन टीव्हीला जोडलं. शेवटी नावं आली आणि त्यांत मराठी अक्षरांत किशोरीचं नाव दिसलं. हौसाबाईने पदर डोळ्यांना लावला. काकांची छाती फुगली. आणि तिथेच घात झाला.

आमच्याकडे किनाऱ्यावर रापण ओढतात. जाळ्याच्या दोरीला ज्याचा हात लागेल, त्याला मासळीचा वाटा. लांबून आलेला पाहुणासुद्धा रिकाम्या हाताने जात नाही. काकांनी तोच हिशेब लावला. आपल्या पोरीने एवढं केलं आणि आपण ते घरात ठेवायचं? दुसऱ्या दिवसापासून जो येईल त्याला, न मागता.

"घे रे, आमच्या किशोरीचा आसा. घे!"

एका फोनमधून दहांत, दहांतून शंभरांत. माझी तार गरम व्हायची. बाहेर काय चाललंय ते मला कळत होतं. आतून थांबवता येत नव्हतं.

तीन महिने सरले. डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन होतं. प्रमुख पाहुणी किशोरी. गाणी वाजवायला मलाही नेलं होतं. नम्रता आणि तिच्या मैत्रिणींनी त्याच मालिकेच्या गाण्यावर नाच केला. सगळी शाळा गात होती, जपानी शब्दांसकट. मग किशोरी बोलायला उठली.

"आज सकाळी कंपनीचं पत्र आलं," ती म्हणाली. "आपल्या जिल्ह्यातून ही मालिका एक्केचाळीस जणांनी बघितली, असं ते म्हणतात. मराठी बंद करतायत. पण तुम्हांला तर सगळं पाठ आहे. तुम्ही कुठे बघितलीत?"

नम्रता उत्साहाने ओरडली, "बाबलीकाकांच्या डिस्कवर, ताई!"

मंडपात हशा उठला आणि टाळ्या पडल्या. किशोरी खाली बसली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. काका स्टुलावरून उठलेच नाहीत.

"बाय, माका वाटला, रापणीचो वाटो जाता तसा…"

"काका, रापणीत दोरी ओढणाऱ्याक वाटो गावता मा? आमी चार जणांनी वरीसभर दोरी ओढली. आमचो वाटो खंय?"

काकांनी मान खाली घातली. "चुकलंय मी."

"मी पण चुकलंय. पयली कॉपी मीच दिलंय." मग ती हळूच म्हणाली, "आणि कंपनी पण चुकली. ह्या रेंजमध्ये तेवढी जड फाईल उघडणार कशी? बँकेच्या कार्डाशिवाय आत घेणत नाय. नम्रताकडे खंयचा कार्ड?"

हेच सगळं तिने कंपनीला कळवलं, स्वतःची चूकही लपवली नाही. हलकी फाईल द्या. जपानी येईल त्याच दिवशी मराठी द्या. फोनवरून थोडेथोडे पैसे भरता येऊ द्या, नाहीतर जाहिराती दाखवून फुकट दाखवा. लोक चोर नाहीत, त्यांना तुमचं दार सापडत नाही.

पाच महिने उत्तर आलं नाही. चारांतले दोघे स्टुडिओ सोडून गेले. मग आलं. किशोरीच्या चित्रांची चाळीस मिनिटांची फिल्म, हलकी, मराठीत, जाहिरातींसह फुकट, पानावरूनच फोनमध्ये ठेवता येणारी. मुदत एक महिना, तेवढ्यात पानावर पुरेशी माणसं आली तर मराठी पुन्हा चालू. यानंतर पुन्हा विचारणार नाही.

काकांनी माझ्या पोटातली सगळी कार्टूनं पुसली. वासरू तेवढं ठेवलं. दुकानावर पाटी लावली: 'किशोरीचो नवो पिक्चर हयसर गावाचो नाय. कंपनीच्या पानावर बघा. वायफाय फुकट.' नम्रता आणि तिच्या मैत्रिणी पायरीवर बसून पानावरून बघायला लागल्या. पाच दिवस झाले. मला वाटलं, निभावलं.

आज दुपारी एक माणूस आला. काकांच्या ओळखीतला, तोंडभर हसणारा. त्याने पेन ड्राइव्ह पुढे केला. काकांनी सवयीने जोडला, सवयीने कळही दाबली, आणि त्यातलं ओझं माझ्यात उतरलं.

"काय आसा ह्या?"

"किशोरीचो नवो पिक्चर! ग्रुपवर फिरता. म्हटला, तू वाटशीत."

काका ताडकन उठले. त्यांनी ती फाईल माझ्यातून पुसली, पेन ड्राइव्हही पुसायला निघाले. त्या माणसाने तो हसत हसत ओढून घेतला.

"मेल्या, तू पुसलंस म्हणान काय झाला? गावाचा चेडू आपली किशोरी, कवतिक नको?"

काका त्याच्यामागे पायरीपर्यंत गेले, हाका मारल्या. तो गाडीला किक मारून निघूनही गेला.

मित्रांनो, महिन्यातले पंचवीस दिवस उरले आहेत. काकांच्या दुकानातलं वाटप बंद झालं, पण रस्ते सगळे उघडे आहेत. तुम्हांला एखादी गोष्ट आवडली तर तिच्या स्वतःच्या दारातून आत जा. दार जड वाटलं तर ते बनवणाऱ्यांना कळवा, किशोरीने कळवलं तसं. तो माणूस आता तुमच्याच गावाकडे येतो आहे. तो वाईट नाही. तो मोठ्या प्रेमाने तुमच्यापुढे पेन ड्राइव्ह धरील.

तेव्हा हात पुढे करू नका.