पाच कडव्यांचं भजन

गाढवापुढं वाचली गीता म्हणतात ना, त्याला मी साक्षीदार आहे. फरक इतकाच, की गाढव मध्येच उठून "तेच परत वाजव" म्हणत नाही. कोंडाजीच्या दुकानात मी वर्षानुवर्षं पेटी वाजवली. आधी ते माडीचं दुकान होतं. मग सरकारनं दारूबंदी आणली आणि कोंडाजीनं पाटीवर 'चहा-भजी' लिहून घेतलं. बदलली ती पाटी तेवढी. माडीच्या जागी हातभट्टीची आली, ती किटलीतून कपात पडायची, आणि सगळे तिला 'काळा चहा' म्हणायचे. रेवसच्या धक्क्यावरून गावात येणारी वाट दुकानावरूनच जाते, त्यामुळं गिऱ्हाईक कधी तुटलं नाही.

आम्ही तिघं होतो. अंबाजी गायचा, मी पेटीवर, सदा ढोलकीवर. दिवसभर खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधावर माती टाकून कंबरडं मोडायचं आणि दिवेलागणीला तिथं जाऊन बसायचं. हौस होती तेव्हा होती, नंतर नुसती सवय उरली. माझ्या पेटीचा भाता जागोजागी ठिगळलेला. एक पट्टी तर दाबली की नुसती फुस्स करायची. सदा म्हणायचा, "मोरूदादा, ही पेटी न्हाय, दम्याचा रोगी हाय." म्हणू दे. त्याच्या ढोलकीला तरी कुठं धड शाई होती?

तर बंदी नवी होती तेव्हाची गोष्ट. अंबाजीचं एक चावट गाणं रंगात आलं होतं, आणि पोलिस जमादार अचानक सायकलवरून दारात उतरला. सगळे जागच्या जागी थिजले. कपातलं गिळावं की ओतावं, कुणाला कळेना. अंबाजीनं डोळे मिटले आणि त्याच दमात आपल्या बापाचं भजन धरलं:

खारं पाणी शेतात आलं, बांध घाला देवा,
फुटल्या जागी हात तुमचा मातीवरी ठेवा.

जमादारानं टोपी काढली, हात जोडले, दोन कडवी ऐकली आणि गेला बिचारा. तेवढ्यात मागच्या मागं सगळे पसार झाले, किटली विहिरीत गेली. त्या दिवसापासून तो कायदाच झाला. कोंडाजीची बायको नीराबाई वाटेच्या कडेला सुकी मासळी घेऊन बसायची. लांबून सायकल दिसली की ती कोंबड्यांना शिव्या घालायला लागायची. शिव्या ऐकल्या की अंबाजी भजन धरायचा. भजन धरलं की कप दगडी गडग्यापलीकडं रिकामे करायचे आणि खाजणाच्या चिखलातून घर गाठायचं. दुसरं कडवं संपेतो जमादार पुढच्या वाटेला लागलेला असायचा, मग मी भाता मिटायचो. तिसऱ्या कडव्याचं कधी कामच पडलं नाही.

अंबाजीचा बाप पक्का माळकरी. हे बघायला असता तर पायताण काढून आम्हा तिघांना ओळीनं हाणलं असतं.

माघात अंबाजीचा आवाज बसला. आधी वाटलं थंडीनं असेल. आल्याचा रस झाला, हळद-दूध झालं. शेवटी अलिबागच्या डॉक्टरनं घशात बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं, गाठ आहे, मुंबईला जाऊन कापून घ्या. जीव वाचेल, आवाजाचं देव जाणे. अंबाजीची लेक राही परळला असते, तिनं सगळी व्यवस्था केली. चैत्रात देवीची पालखी, तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाँचनं अंबाजीनं निघायचं ठरलं. म्हणजे पालखीच्या संध्याकाळी तो शेवटचा गाणार. हे सगळ्यांना ठाऊक होतं, तोंडानं कुणी म्हणत नव्हतं.

पालखीच्या आधी दोन दिवस आम्ही गाणी ठरवायला दुपारचे दुकानात बसलो. कोंडाजीला घाई झालेली. मुंबईचे चाकरमानी येणार, लाँच भरभरून येणार.

"सिनेमाची गाणी घ्या," तो म्हणाला. "त्या लोकांना आपलं गावठी न्हाय चालत."

"चालत न्हाय कसं? तिसऱ्या कपानंतर काय बी चालतं," मी म्हणालो.

कप बघून गाणं लावायचं असतं, ही गोष्ट त्या कोंडाजीला इतकी वर्षं दुकान चालवून कळली नव्हती. पहिल्या कपाला ठसक्याचं हवं, म्हणजे माणूस बूड टेकतो. दुसऱ्याला थट्टेचं. तिसऱ्याला रडकं द्या, गावाकडच्या आईचं, होडीबरोबर गेलेल्या धन्याचं. ते दुसऱ्यालाच दिलं तर रडण्याऐवजी भावकीची भांडणं निघतात. एकदा निघाली होती, आमचीच ढोलकी फुटली. आणि शेवटाला काहीतरी संथ, ज्यावर माणूस आपल्या पायानं घरी जाईल. सदानं सिनेमाची चार गाणी घुसवली. मी हो म्हणालो. वाद घालायला अंगात त्राण कुठं होतं?

अंबाजी बाजूला बसून ऐकत होता. गळ्याला मफलर, चैत्रातल्या उकाड्यात. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "माझं एक घाला."

"कंचं?"

"बापाचं भजन. पाची कडवी."

सदाला हसूच फुटलं. कोंडाजी ताडकन उभा राहिला. "अंबाजी, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? भर पालखीच्या दिवशी दुकान रिकामं करतोस व्हय?"

"ऐकून तरी घे," अंबाजी म्हणाला. "बांध फुटला तवा माझ्या बापानं सारी रात माती वढली. सकाळी बघतो तर पीक गेलंच व्हतं. तवा बांधावर बसून त्यानं हे रचलं. पाच कडवी. लिवता येत नव्हतं त्याला, मला बी येत न्हाय. आता ती माझ्या तोंडातच हायत. मुंबईला गळा कापला की गेली. कुनाच्या तरी कानात पडू दे, कोंडाजी. येवढ्या लोकांतला येखादा तरी उचलंल."

"मग देवळात गा," कोंडाजी म्हणाला.

"देवळात गायलो व्हतो की गेल्या सप्त्याला!"

ते खरंच होतं. सप्त्यात अंबाजीनं ते भजन धरलं मात्र, निम्मे बाप्ये उठून देवळामागच्या कुंपणाकडं धावले. दोघं तर कुंपणावर चढलेसुद्धा. बायका हसून हसून बेजार. गुरवानं हात जोडले, बाबा रे, देवीपुढं हे पुन्हा म्हणू नको. आमच्या गावात एका भजनाची ही गत झाली होती. आणि ती आम्हीच केली होती, दुसऱ्या कुणाला दोष देऊ?

"आत्ता म्हणून दाखव ना," मी म्हणालो. "मी धरतो सूर."

त्यानं मफलरवर हात ठेवला. "डाक्टरनं बोलायचं बी कमी सांगितलंय. जेवढा हाय तेवढा परवासाठी राखतोय."

"आनि हितं दिवसाढवळ्या नकाच धरू," कोंडाजी म्हणाला. "मागं तुळशीराम झोपलाय. उठून पळंल."

तुळशीराम आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तो तोवर जागा होऊन दारात आला होता. अंबाजीकडं बघून म्हणाला, "गाऊ दे रं त्याला. खून बदला म्हंजे झालं."

खूण बदलायची! इतकी सोपी गोष्ट, पण आमच्या टाळक्यात शिरली नव्हती. सदा म्हणाला, आरती ठेवू. तुळशीराम भडकला. "आरती लागली की मानूस हात जोडून उभा ऱ्हातो. आरती सोडून पळायचं म्हंजे पाप न्हाय का?" दारू प्यायला पाप आड येत नव्हतं, पण असो. शेवटी नीराबाईनं बाहेरूनच सांगितलं, पाळणा म्हणा. बारशाचा पाळणा. पाळण्याला कुणी उभं राहत नाही आणि जमादारालाही संशय येणार नाही. ठरलं. सायकल दिसली तर पाळणा. भजन लागलं तर बसून ऐकायचं. हे पहिल्या कपाबरोबर प्रत्येकाच्या कानात घालायचं काम कोंडाजीनं स्वतःकडं घेतलं. कुरकुरत घेतलं, पण घेतलं.

अंबाजीच्या तोंडावर त्या दिवशी महिन्याभरानं हसू दिसलं. घरी जाताना म्हणाला, "मोरू, हळू लय धर. तिसरं कडवं लई खालनं उठतं." मी हो म्हणालो. बरं वाटलं मला. पाठ दुखत होती, तरी बरं वाटलं.

पालखी झाली आणि दुकान भरलं. बाकडी पुरेनात, लोक नारळाच्या बुंध्यांवर बसले. इस्त्रीच्या सदऱ्यातले चाकरमानी, त्यांच्याबरोबर आमचे गाववाले. कोंडाजी किटली घेऊन एकेकाच्या कानाशी वाकत होता, "आज भजन म्हंजे भजन. पाळणा म्हंजे पोलिस. ध्यानात ठेव." सगळे माना डोलवत होते. तुळशीरामनं तर दोघा-तिघांना परत समजावून सांगितलं.

सिनेमाची गाणी सदानंच म्हटली. वाईट म्हटली, पण लोकांना आवडली. थट्टेची झाली. अंबाजीनं त्यात तोंड घातलं नाही, कोपऱ्यात कोमट पाणी पीत बसला होता. सूर्य खाडीत उतरत होता तेव्हा त्यानं मफलर सोडला आणि मला मान हलवली.

मी भाता ओढला. त्यानं धरलं, "खारं पाणी शेतात आलं..."

आवाज फाटलेला होता, पण लागला. आणि पहिली ओळ पुरी व्हायच्या आत अख्खं दुकान उठलं! सगळ्यात आधी कोण, तर तुळशीराम. कप पालथा करून तो गडग्यावरून पलीकडं गेलासुद्धा. त्याच्यामागं गाववाले, गाववाले पळाले म्हणून चाकरमानी, नवे बूट, सदरे, सगळे धपाधप चिखलात. बाकडी उलटी. आणि कोंडाजी! ज्यानं प्रत्येकाच्या कानात सांगितलं होतं, तोच धावत गेला आणि भरलेली किटली त्यानं विहिरीत टाकली. बाहेरून नीराबाई ओरडतेय, "अरं मेल्यांनो, कुठं पळताव? रस्त्यावर कुत्रं बी न्हाय!"

मला हसू आलं नाही. मला त्या सगळ्यांच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

अंबाजी थांबला नाही. डोळे मिटून त्यानं दुसरं कडवं म्हटलं:

रात सारी खणली माती, बोटं झाली निबर,
तुमच्यावाचून कोण, देवा, घेईल आमची खबर.

ते संपलं आणि दुकानात माझ्या पेटीचा सूर तेवढा उरला. मग गडग्यावर एक डोकं दिसलं. तुळशीराम. मग दुसरं, तिसरं. गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले सगळे खाली माना घालून आत यायला लागले. कुणी बाकडी सरळ केली. चाकरमान्यांनी ओले बूट बाहेर काढून ठेवले, देवळात काढतात तसे. कोंडाजी पुढं आला. "चुकलं रं," म्हणाला. "पाय उठलं, मी न्हाय. आता म्हन. पुढं म्हन, आम्ही ऐकताव."

आणि खरंच सांगतो, इतकं शांत ते दुकान मी कधी बघितलं नव्हतं. कप नाही, किटली नाही, खोकला नाही. टोप्या काढून मांडीवर ठेवलेल्या. असे ऐकणारे आम्हाला जन्मात मिळाले नव्हते. मी लय हळू केली, भाता अलगद ओढला आणि तिसऱ्या कडव्याचा खालचा सूर धरून वाट बघत राहिलो.

अंबाजीनं तोंड उघडलं. तसंच उघडं राहिलं. मग त्यानं घोटभर पाणी घेतलं. पुन्हा पहिलं कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं, आणि त्याच जागी येऊन थांबला. जोर लावून चढाला जावं, म्हणजे पाय आपोआप पुढं पडेल, तसं त्यानं करून बघितलं. पाय पडला नाही.

त्यानं माझ्याकडं बघितलं. "मोरू," अगदी हळू म्हणाला, "तिसरं कसं हाय रं?"

मला काय ठाऊक? चाल होती माझ्या बोटांत. कडव्याचा शब्द मी कधी ऐकला होता? इतकी वर्षं दुसरं कडवं संपायच्या आधीच माझं लक्ष वाटेवर गेलेलं असायचं, सायकल गेली का बघायला. मी सदाकडं बघितलं. सदानं मान खाली घातली.

"चवथं बी न्हाय," अंबाजी म्हणाला. "पाचवं बी न्हाय. कवा गेली रं?"



त्यानं गळ्यावरून हात फिरवला, डॉक्टरनं बोट ठेवलं होतं तिथून. "गळा हाय अजून," म्हणाला. "गळा हाय, मोरू."

"हाय, अंबाजी," मी म्हणालो.

मग त्यानं पुन्हा पहिल्यापासून धरलं. दुसरं कडवं संपलं, मी सूर सोडला नाही, आणि ते सगळे तसेच पुढचं ऐकायला बसून राहिले.