तळघरातला गाळा

वारंगा फाट्यावर रस्ता रुंद झाला तेव्हा करुणाचं पत्र्याचं दुकान गेलं. साड्यांना फॉल-पिको करून द्यायची ती. मग नव्या कॉम्प्लेक्समध्ये तिनं गाळा घेतला. वर काचेच्या दाराचं मोठं मार्ट. तिच्या वाट्याला आलं तळघर. समोरच्या गाळ्यात चाँद पाशा बांगड्या विकायचे. साठी उलटलेली, गुडघे पार गेलेले.

तीन दिवसांपासून तिला जिन्यात काहीतरी करपल्याचा वास येत होता. लाइटचे सगळे मीटर तिथंच बसवलेले. कॉम्प्लेक्सच्या मॅनेजरला, हरीशला, तिनं दोनदा सांगितलं. नव्या रंगाचा वास असेल, म्हणाला तो.

मंगळवारी भर दुपारी मशीन चालवता चालवता लाइट गेली. जिन्यात फटाक्यासारखा आवाज झाला आणि धूर खाली उतरू लागला. तळघराला खिडकी नव्हती. गाळा कुठला, जिना कुठला, काही उमजेना.

"पोरी, हिकडं ये, माझ्याकडं," चाँद पाशांनी हाक मारली.

त्यांच्या सदऱ्याचं टोक हाताला लागलं, ते तिनं मुठीत गच्च धरलं. मागं आणखी एक जिना होता, पण त्यावर मार्टवाल्यांनी साबणाची, बिस्किटांची खोकी छतापर्यंत रचलेली. करुणा ती खोकी ओढून मागं टाकू लागली. पाशा खोकून खोकून पायरीवरच बसले.

"तू जा वर. मला न्हाई चढता येत."

"मी एकटी न्हाई जात, चाचा."

त्यांच्यावर तिची माया होतीच, पण खरं म्हणजे त्या काळोखात एकटीनं पाऊल टाकायचा तिला धीर नव्हता. काखेत हात घालून तिनं त्यांना ओढत वर नेलं. वर लोखंडी दार, आणि त्याला बाहेरून कुलूप. ती दोन्ही मुठींनी दार बडवत राहिली. मागच्या पंक्चरवाल्या सलमाननं ते ऐकलं आणि टायर खोलायच्या लोखंडी टॉमीनं कुलूप तोडलं.

पाशा दोन दिवस दवाखान्यात होते. आठवड्यानं सगळं नीट केल्याचा निरोप घेऊन हरीश स्वतः करुणाच्या घरी आला. ती गाळा उघडायला गेली, पण तिसऱ्या पायरीवरूनच परतली. तिनं मशीन सलमानच्या दुकानाशेजारी ताडपत्रीखाली मांडली. पाशा मात्र पुन्हा खाली गेले. काचेचा माल रस्त्याच्या धुळीत कुठं मांडणार, म्हणाले.

मागच्या दाराला नवं कुलूप दिसलं तेव्हा ती हरीशकडं गेली. ते काढलं न्हाई तर सगळ्या गाळेवाल्यांना घेऊन तहसीलला जाईन, असं तिनं सांगितलं. कुलूप निघालं.

तरी रोज दुपारी ती हातातली साडी खाली ठेवून त्या मागच्या दाराकडं जाते आणि ते ओढून बघते. ते उघडलं की मगच परत मशीनवर बसते.