खरं सांगितलं तर

मेणात बसवलेला सुळा किंचित बाहेर झुकला होता आणि तो सरळ करावा की तसाच ठेवावा हे तिला ठरवता येईना – खरे दात तरी कुठे सरळ असतात, कवळी थोडी वाकडी असली की आपली वाटते, हे तिचं नेहमीचं म्हणणं – पण आज तापवलेली सुरी मेणाला टेकायच्या आधीच निवत होती, आणि कोपऱ्यातल्या रेडिओवर नवे राष्ट्राध्यक्ष बोलत होते.

"सरकारला लोकांपासून लपवण्यासारखं काही असू नये," ते म्हणाले. साधा, बसलेला आवाज. ज्यांची माणसं नेली गेली त्यांनी यावं, विचारावं, उत्तर मिळेल.

शेजारच्या खोलीतून दंतवैद्यांनी डोकं आत घातलं. "ऐकलंत ना बाई? आता तरी कळेल तुम्हाला!" त्यांचा चेहरा फुलला होता. तिने मान हलवली. कळेल... काय कळेल?

तिचा नवरा पाण्याचे नमुने तपासायचा. नळाचं पाणी पिऊ नका, असं त्याने गल्लीतल्या लोकांना सांगितलं, एवढंच. मग एका दुपारी दोन माणसं आली, अगदी अदबीने, जरा काम आहे म्हणाली, आणि तो चहा अर्धा टाकून उठला – झाकून ठेव, आलोच. त्यानंतर ज्या ज्या खिडकीशी ती गेली तिथे एकच उत्तर: असा माणूस आमच्याकडे आलाच नाही. त्या वाक्याचा तिने किती राग केला, आणि तरी त्यातच ती घर करून राहिली होती. आलाच नाही – म्हणजे त्याचं काही झालंही नाही...

दुपारी नणंद आली. सगळे तिला चिमणी म्हणत, इतकी बोलायची.

"वहिनी, तो एप्रन काढ आधी. आत्ताच जायचं."

"उद्या जाऊ."

"इतकी वर्षं उद्याच तर म्हणतोय आपण!"

"आणि हा नवा राष्ट्राध्यक्ष टिकला नाही तर? मागून येणारे बघतील, कोण कोण विचारायला आलं होतं ते."

"अगं, हा वेगळा आहे. आणि नेला तो माझा भाऊ आहे, वहिनी. मला विचारायचंय."

बोलून दाखवता येण्यासारखी भीती तिने बोलून दाखवली होती. दुसरी घशातच राहिली. त्याचा पुढचा दात तुटका होता. लग्नानंतर त्यावरची टोपी तिने याच टेबलावर केली होती, मुद्दाम थोडी पिवळट, चहाच्या डागांना शोभेल अशी, आणि तो आरशात बघून खो खो हसला होता. उद्या ते खरं सांगायला लागले, तर कधीतरी एका टेबलावर काहीतरी ठेवतील आणि म्हणतील, बाई, ओळखता का? आणि मी ओळखीन. डोळे मिटले तरी बोटांना कळेल...

सुरी तापवायची ज्योत विझवून ती निघाली.

रस्त्यावर अनोळखी माणसं एकमेकांशी बोलत होती. बसमध्ये एका बाईने उगाचच हसून तिला जागा दिली. कचेरीच्या दाराशी पूर्वी पहारेकरी खेकसायचा. आज दार सताड उघडं, आत खिडक्यांवरचे जाड पडदे काढलेले, त्यामुळे भिंतीवर उन्हाचे चौकोन. कारकून चक्क उठून उभा राहिला.

"बसा ताई. पाणी घ्या. कुणाबद्दल विचारायचंय?"

तिने नवऱ्याचं नाव सांगितलं. ते तोंडातून बाहेर पडताना परक्याचं वाटलं. कारकुनाने ते पुन्हा म्हणून पाहिलं, नीट, चुकू नये म्हणून.

"आत बघून येतो. थोडा वेळ लागेल, पण सांगतो. नक्की सांगतो."

तो गेला. चिमणीने तिचा हात घट्ट धरला. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" तिचे डोळे भरून आले होते, ती खरोखर आनंदात होती.

तिने मात्र हळूच आपला हात सोडवून घेतला. नाही म्हणतील, मग आपण घरी जाऊ, स्वयंपाकाला लागू – याच भरवशावर ती इथवर आली होती. पण त्या कारकुनाच्या चेहऱ्यावर टाळाटाळ नव्हती, कीव होती. आतून त्याच्या पावलांचा आवाज जवळ येऊ लागला, सावकाश, जड... खोटं बोला, ती मनातल्या मनात म्हणत होती, आजचा दिवस तरी खोटं बोला – आणि आता इथे कुणी खोटं बोलणार नाही, याची तिला पुरती खात्री पटली होती.