बरणीत बुडालेला समुद्र

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. वय शंभर कोटी वर्षांच्या आसपास. एवढं सांगूनही कोणी खुर्ची देत नाही, तेव्हा पुढे सांगतो.

छत्तीसगडात तेव्हा उथळ समुद्र होता. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव चिकट थर करून राहत. वर गाळ बसला की ते त्याच्यावर चढत आणि नवा थर करत. कोबीच्या पानांसारखे एकावर एक बसलेले ते थर म्हणजे मी. मासा नव्हता, झाड नव्हतं. पाण्यात आणि हवेत प्राणवायू सोडायचं काम असल्या जिवांनी केलं. आज तो सगळे ओढतात, आभार कोणी मानत नाही.

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या भट्टीला चुनखडी लागते, म्हणून आम्हाला खाणीतून काढलं. माझी भावंडं भट्टीत गेली. माझ्यात वाळू जास्त निघाली, मी नापास झालो. आणीबाणी उठली त्या साली खाणीच्या ऑफिसातल्या बाबारावांनी मला भिलाईतल्या रुआबांधा वस्तीतल्या घरी आणलं. फुकट मिळालं तर हा माणूस रेल्वेचा रूळही सायकलला बांधेल.

त्यांच्या पत्नी कलावतीबाईंनी मला घासूनपुसून लिंबाच्या लोणच्यात दडपण म्हणून बसवलं. चुनखडीला लिंबात. आंबट लागलं की मी फसफसतो, झिजतो. दरवर्षी माझा एखादा थर जाई, आणि घरात भांडण कशाचं, तर लोणच्याच्या चवीचं.

"तुमी लिंबं आनता का बटाटे? आंबटच नाही लागत."

"तुह्या हाताची चव गेली, अन् लिंबाले नावं ठेवून राहिली."

"मंग औंदा तुमीच घाला."

एकदा बाबारावांचे मित्र मारोतराव जेवायला आले. खाणीतल्या दगडांची तपासणी हे त्यांचं काम. कलावतीबाईंनी नव्या लोणच्याची बरणी उघडली, तर वर फेस.

"पाहा भाऊजी, हेबी गेलं. कावून असं होते?"

मारोतरावांनी मला काढून धुतलं आणि जेवण विसरले. "वहिनी, आंबट या दगडानं खाल्लं. चुन्याचा भाग विरघळला, वाळूचा तसाच राह्यला, म्हणून थर कसे उठून दिसून राहिले पाहा. हा जीवाश्म आहे." मग त्यांनी समुद्र, चिकट थर, सगळं सांगितलं.

"मी आनला तवाच म्हनलो होतो, साधा नाही," म्हणत बाबाराव आत गेले आणि मला सजवायला फाटकाचा उरलेला चंदेरी रंग घेऊन आले. ब्रश माझ्या थरांपर्यंत पोचला होता. लिंबातून वाचलेलं रंगाच्या एका हातात बुजलं असतं.

कलावतीबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "आपल्या आधी इथं कोन राहत होतं ते याच्या तोंडावर लिहेलं आहे, अन् तुमी त्यालेच पुसून राहिले. ठेवा तो ब्रश."

ब्रश खाली गेला. मी आता खिडकीत कोरडा बसतो.

मित्रांनो, दगड जरूर उचला. पण कामाला जुंपण्याआधी त्याला जरा ओला करून नीट पाहा, जाणत्याला विचारा. माझे विरघळलेले थर पुन्हा बसवायचे, तर आधी समुद्र आणावा लागेल.