ओळीवरचं छप्पर

दप्तरखान्याच्या कारकुनाने सुतळी सोडून फाइल पुढे सरकवली, तेव्हा ती हसतच होती. उद्या सकाळी चौकात तिच्या वडिलांच्या, आबांच्या नावाची पाटी लागणार होती. पोलिसांनी त्यांच्यावर सात वर्षं पाळत ठेवली होती, त्यातल्या दोन गमती भाषणात सांगाव्यात, एवढ्यासाठी शिवणयंत्र झाकून ती आली होती. गळ्यातला टेप काढायचाही राहिला होता.

पहिलं पान पाहिलं आणि हसू ओठांवरच वाळलं. अक्षर आबांचं होतं.

सही येत नाही त्याला मत नाही, असा तेव्हा कायदा होता. आबांनी त्याविरुद्ध मोर्चे काढले, आणि कायदा हटेपर्यंत गल्लीगल्लीत लोकांना लिहायला शिकवलं. त्यांची रीत न्यारी. आख्खी ओळ आधी उघडी लिहायची, मग वरची रेघ एका दमात ओढायची. "आधी माणसं बसवा," म्हणायचे, "मग छप्पर घाला." तेच छप्पर इथे, पोलिसांच्या कागदावर, पानामागून पान.

"पाणी देऊ का, ताई?" कारकुनाने विचारलं. "पांढऱ्याफटक पडलात."

आबा आपल्याच माणसांची खबर देत होते? तिने नकला घेतल्या आणि तडक छत्रीमामाचं घर गाठलं. आबांच्या घरासमोरच्या फुटपाथवर छत्री घेऊन पाळत ठेवणारा शिपाई तो हाच. गल्लीतल्या पोरांनी नाव पाडलं, तेच राहिलं.

"खबर?" म्हातारा खुर्चीत सावरून बसला. "अगं, भरतीत माझा अंगठा चालला, पण साहेबाला रोज लेखी कागद हवा. नोकरी जायची वेळ आली. आबा म्हणाले, आण इकडे, मी लिहितो. आत वीस माणसं बसलेली, आणि कागदावर, 'आज कोणी आलं नाही.' वर मलाच दटावायचे, नीट उभा राहा, पाळत ठेवतोयस ना."

तिच्या जिवात जीव आला. डोळे पुसत ती हसली.

तो मात्र हसला नाही. "शेवटचं पान पाहिलंस?"

तिने पाहिलं. वेडीवाकडी अक्षरं. ओळीने अकरा नावं. पहिलं आबांचं, शेवटचं आईचं. वर एका दमात ओढलेली रेघ, टोकाशी घसरलेली.

"ते मी लिहिलं. स्वतःच्या हाताने, पहिल्यांदा. आबांनीच शिकवलं होतं, दिसेल ते लिही, खरं लिही. मी दिसलं ते लिहिलं. एवढा हरखलो होतो, धावत जाऊन साहेबाला दाखवलं."

अकरा जणांना पकडलं होतं. दहा परतले. आई तुरुंगातल्या तापात गेली, तेव्हा ती चार वर्षांची होती.

"आबांना ठाऊक होतं?"

"कोर्टात हाच कागद दाखवला ना. सुटून आले, त्याच संध्याकाळी माझ्या दारात. म्हटलं, आता जीव घेतात. त्यांनी पाटी पुढे केली. म्हणाले, छप्पर तिरकं पडतंय तुझं, पुन्हा ओढ."

मग त्याने खाली बघतच विचारलं, "उद्या येऊ का गं मी?"

तिने शेवटचं पान सरळ केलं. मांडीवर आईचं नाव होतं, आणि त्या नावावर आबांचं छप्पर.