जपणूक

"आजी, काम काय करायचात तुम्ही?" मी विचारलं.

"इस्त्रीचं," आजोबा म्हणाले. "बिल्डिंगच्या जिन्याखाली टेबल होतं तिचं."

"मी आजींना विचारतेय."

"तेच सांगतोय ना मी. सगळा जन्म उभ्यानं काम केलं तिनं, मॅडम."

माझं डोकं फिरलं. आजींच्या पायातले मोजे मी नुकतेच उतरवले होते आणि त्यांचे तळवे माझ्या हातात होते. गुलाबी, मऊ, एक भेग म्हणून नाही. पाळण्यातल्या मुलाचे असतात तसे. जन्मभर उभं राहून इस्त्री करणाऱ्या बाईच्या टाचा अशा असतात होय? या टाचा कित्येक महिने जमिनीला लागल्याच नव्हत्या.

"घरी चालवलंत का यांना?"

"छे! मी असताना चालायचं कशाला?" आजोबा अभिमानाने म्हणाले. "बाथरूमला मी उचलून नेतो. आंघोळ मी घालतो. वेणीसुद्धा मीच घालतो."

"वाकडी," आजी पहिल्यांदाच बोलल्या.

मी या रुग्णालयाच्या तळमजल्यावर लोकांना पुन्हा चालायला शिकवते. एक लांबलचक हॉल, मधोमध धरून चालायच्या दोन समांतर दांड्या, समोर भिंतभर आरसा, कोपऱ्यात जागच्या जागी चालवायची सायकल. पेशंट मला पाठीमागे हेडमास्तरीण म्हणतात. म्हणू देत. गोड बोलून आजवर कुणाचा गुडघा वाकलेला मी पाहिला नाही.

आजींच्या खुब्याचं ऑपरेशन दुसरीकडे झालं होतं आणि खरं सांगायचं तर झकास झालं होतं. हाड जुळलं होतं, टाके सुकले होते. तिथल्या लोकांनी त्यांना वॉकर देऊन उभंही केलं होतं. मग घरी जाताना डॉक्टरांनी आजोबांना सांगितलं, हाडं फार ठिसूळ आहेत, जपा. झालं. आजोबांनी घरी जाऊन वॉकर कपाटावर टाकला आणि बायकोला तळहाताच्या फोडासारखं जपलं.

या 'जपा'ने माझ्या नाकी नऊ आणलेत. डॉक्टर 'जपा' म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. कसं जपायचं ते कोण सांगणार? हाडाला भार लागतो हो. अंगाचं वजन पडलं, पावलाचा हिसका बसला की हाड स्वतःला भरत राहतं. निजवून ठेवलं की ते आतून पोकळ होत जातं आणि वरून काही कळत नाही. आजींच्या नव्या तपासणीत ऑपरेशनच्या वेळेपेक्षाही हाडं विरळ झालेली दिसत होती. मी ते सगळं आजोबांना तोंडावर सांगितलं, आवाज जरा चढवूनच.

आजोबा म्हणाले, "म्हणजे मी उचललं म्हणून झालं?"

"तुम्ही उचललं म्हणून, आणि त्यांना कुणी चालू दिलं नाही म्हणून."

"बरं," ते म्हणाले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

आमच्या वॉर्डातल्या मावशी, ज्या पेशंटना उठवायला-बसवायला मला मदत करतात, त्या मला म्हणाल्या, "किती लागट बोललात तुम्ही. म्हातारा रडतोय बाहेर."

मी बाहेर गेले. ते रडत नव्हते, नाक पुसत होते. मला बघून सरकून बसले. "फरशी मी धुतली होती, मॅडम," ते म्हणाले. "बाथरूमची. साबणाचं पाणी नीट ओढलं नाही. म्हटलं, वाळेल. ती गेली आणि घसरली. तेव्हाच मनाशी म्हटलं, आता हिचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत."

मी त्यांच्याशेजारी बसले. आत मावशी आजींना पाणी पाजत होत्या आणि आजी विचारत होत्या, "गेले कुठे हे?"

आजी रोज यायला लागल्या. हळूहळू मला दोघांचा संसार कळत गेला. आजोबा त्याच बिल्डिंगमध्ये लिफ्टमन होते. स्टुलावर बसून लोकांना वरखाली न्यायचे. तळमजल्याला लिफ्ट आली, दार उघडलं, की समोर आजींचं टेबल. "दिवसातून शंभरदा भेटायचो आम्ही," आजोबा सांगत.

"भेटायचो कसलं!" आजी म्हणत. "दार उघडायचं, मान हलवायची आणि हे चालले वर. माणूस कधी हाती लागलाच नाही. आता रिटायर झाल्यावर सगळं उट्टं काढतायत. कपाटातल्या बाहुलीसारखं ठेवलंय मला."

"काय बोलते बघा," आजोबा म्हणत, पण खूश असत.

एकदा ते औषधं आणायला गेले होते तेव्हा मी आजींना दांड्यांमध्ये उभं करून विचारलं, "आजी, तुम्हाला पुढे नेमकं काय करता यायला हवंय? पुन्हा इस्त्री?"

"इस्त्री गेली आता. टेबल दुसऱ्या कुणीतरी घेतलं." त्यांनी आरशात स्वतःकडे पाहिलं. "मला मेलं एकटीला बाथरूमला जाता आलं पाहिजे. दार आतून लावून. बस्स. ते माझं सगळं करतात, तोंड वाकडं करत नाहीत, नवऱ्यांमध्ये असा सापडायचा नाही. पण मला लाज वाटते हो. त्यांना हे कसं सांगू?"

"सांगू नका. चालून दाखवा," मी म्हटलं.

मला ही बाई आवडायला लागली होती. पाय थरथरायचे, वरच्या ओठावर घाम यायचा, पण तोंडातून ब्र नाही. दांड्या धरून त्या पुढे जायच्या, वळायच्या, परत यायच्या. मावशी मागून खुर्ची घेऊन चालायच्या. मी त्यांच्या कमरेला पट्टा बांधून तो मागून धरायचे. तोल गेलाच तर माणूस पट्ट्यावर तोलायचा, अंगाला हात घालायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. दुसरा नियम नातेवाइकांसाठी. त्यांनी समोरच्या टोकाला उभं राहायचं आणि दोन्ही हात पाठीमागे धरायचे. त्यामागे कारण आहे. माणूस घाबरला की जे हातात येईल ते ओढतो, आणि आपल्या माणसाला सगळ्यात जोरात ओढतो.

आजोबांनी हा नियम कसा पाळला ते मी बघत होते. हात मागे, मान पुढे, आजींच्या पावलाबरोबर त्यांचा खांदा हलायचा. पाऊल नीट पडलं की श्वास सोडायचे. मावशी म्हणायच्या, "चालतायत त्या, दमतायत हे."

दांड्या सुटल्या, वॉकर आला. आजी वॉकर घेऊन हॉलभर फिरायला लागल्या. आजोबांनी घरच्या बाथरूमला धरायला कडी बसवून घेतली, खरखरीत टाइल्स लावून घेतल्या आणि त्याचा फोटो मला आणून दाखवला. मी पहिल्यांदाच त्यांना शाबास म्हटलं. त्यांनी लगेच आजींना सांगितलं, "ऐकलंस का? हेडमास्तरीण शाबास म्हणाली." मग माझ्याकडे बघून जीभ चावली.

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी आजी हॉलच्या दाराबाहेर, व्हरांड्यातून, आमच्या बाथरूमपर्यंत जाणार होत्या. त्यांनीच ठरवलं होतं. साडी नीटनेटकी, वेणी त्या दिवशी स्वतः घातलेली. मी पट्टा धरून मागे, मावशी खुर्ची घेऊन त्यांच्या मागे, आणि आजोबा व्हरांड्यात बाथरूमच्या दाराशी, हात पाठीमागे.

आजी हॉलभर छान चालत आल्या. दारात फरशीवर एक पितळी पट्टी आहे. वॉकरचा पुढचा पाय त्या पट्टीला अडकला. आजी जराशा पुढे झुकल्या. पट्टा माझ्या मुठीत होता, मी तो ताणला. त्यांनी वॉकर उचलून पुन्हा टेकवला आणि तोल सावरला. सावरलाच होता त्यांनी. तेवढ्यात आजोबा धावत आले, वॉकर बाजूला सारला, दोन्ही हातांनी आजींना कवेत घेतलं आणि उचललं.

"सोडा!" मी ओरडले. "आजोबा, खाली ठेवा त्यांना!"

आजींच्या तोंडून "आई गं" एवढंच आलं. तेही हळू. मी हे काम इतकी वर्षं करतेय, तो आवाज ओळखते.

एक्स-रे आला. खुबा शाबूत होता. पाठीचे दोन मणके चेपले होते. आमच्या डॉक्टरांनी छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्टा घालायला सांगितला. म्हणाले, दुखणं उतरू दे, अंगात ताकद येऊ दे, मग बघू. आमच्या भाषेत 'मग बघू' म्हणजे काय, ते मला माहीत आहे. एवढ्या विरळ हाडांवर पुन्हा सगळं पहिल्यापासून उभं करायचं, आणि त्या वयात. तरी मी हो म्हटलं.

आजोबा वॉर्डात आजींच्या खाटेपासून दूर, खिडकीला टेकून उभे होते. येईल त्याला विचारत होते. नर्सला विचारलं, शेजारच्या पेशंटच्या मुलीला विचारलं. मी आत गेले तशी मलाही विचारलं, "ती पडत होती ना, मॅडम? पडत होती ना ती?"

मला खोटं बोलता येत नाही. आणि खरं बोलायला त्या दिवशी जीभ उचलेना.

खाटेवरून आजी म्हणाल्या, "अहो, पडतच होते मी. तुम्ही होतात म्हणून बरं."

आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली. त्यांना काय कळायचं ते कळलं.

त्या दिवसापासून त्यांनी आजींना हात लावला नाही. येत रोज, बसत दिवसभर. पाणी द्यायचं तर ग्लास टेबलावर ठेवून टेबल जवळ सरकवायचे. उशी वर करायची तर मावशींना हाक मारायचे. आजी म्हणायच्या, "अहो, वेणी घाला ना माझी." ते म्हणायचे, "मावशी घालतील. त्यांची सरळ येते." मी रागावले, समजावलं, शेवटी हातापाया पडायचंच बाकी राहिलं. काही उपयोग झाला नाही.

"आजोबा, चूक तुमची एकट्याची नाही," मी एकदा म्हटलं. "कुणीही धावलं असतं."

"कुणीही धावलं असतं," ते म्हणाले, "पण तिनं सावरलं होतं ना?"

आजींना घरी सोडायचा दिवस आला. दुखणं बरंच उतरलं होतं, पण उभं राहणं जमत नव्हतं. खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर न्यायचं ते कसं, हे घरच्या माणसाला शिकवल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही. मी आजोबांना खाटेशी उभं केलं. आजी छातीच्या कडक पट्ट्यात ताठ बसलेल्या, वरून कमरेला माझा धरायचा पट्टा, पाय खाली सोडलेले.

"मॅडम," आजोबांनी मला हळूच विचारलं, "मी हिला हात लावू का?"

आयुष्यभर लोकांना कुठे धरा आणि कुठे धरू नका हे सांगत आले, पण माझ्याकडे अशी परवानगी कधी कुणी मागितली नव्हती. मी त्यांचे हात धरून आजींच्या कमरेच्या पट्ट्याच्या दोन्ही कड्यांवर ठेवले. "इथे. फक्त इथे धरायचं. ओढायचं नाही, त्या उठतील तसं बरोबर उठायचं."

"अहो, घट्ट धरा," आजी म्हणाल्या.

त्यांची बोटं कडीवर नुसती टेकली होती, मिटत नव्हती.

"घट्ट धरा की. नाहीतर खरंच पडेन मी." आजी हसत होत्या. त्यांनी आपला हात आजोबांच्या हातावर ठेवला आणि दाबला. "काही होत नाही मला."

"नको," आजोबा म्हणाले. "तुला लागेल." आणि ते मागे सरले.

शेवटी मी आणि मावशींनी मिळून आजींना खुर्चीत बसवलं, दारापर्यंत नेलं आणि टॅक्सीच्या मागच्या सीटवर ठेवलं. पाठीशी उशी दिली, पायांवर शाल टाकली. आजोबा वॉकर घेऊन मागून आले. तो त्यांनी डिकीत ठेवला आणि पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

"आजोबा, मागे बसा की," मावशी म्हणाल्या. "केवढी जागा आहे."

"नको. गाडी वळली की माझा भार पडेल तिच्यावर."

टॅक्सी सुरू झाली. आजींनी मागून हात पुढे केला. छातीच्या कडक पट्ट्यामुळे वाकता येत नव्हतं, हात आजोबांच्या खांद्यापर्यंत पोहोचेना. "अहो," त्यांनी हाक मारली. आजोबांना ती ऐकू गेली नाही. ते ड्रायव्हरला सांगत होते, "सावकाश हं. अगदी सावकाश. मागे माझी बायको आहे."